विश्लेषण : निकाल दिला की न्यायाधीशाचे काम संपते का? अलाबामाच्या फ्रँक जॉन्सन यांची गोष्ट

अमेरिकेतील जिल्हा पातळीवरच्या फेडरल न्यायाधीशांनी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या अनेक आदेशांना स्थगिती दिली आणि या न्यायाधीशांवर महाभियोग चालवा, अशी मागणी सुरू झाली. अखेर सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांना १८ मार्च २०२५ रोजी निवेदन काढावे लागले. निकाल पटला नाही तर अपील करावे, महाभियोग हा त्यावरचा उपाय नव्हे, असा त्या निवेदनाचा आशय होता. लोकांनी निवडून न दिलेला एक न्यायाधीश लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला कसा काय अडवू शकतो, हा या वादातला मूळ प्रश्न. अलाबामा राज्यात हाच प्रश्न १९५५ ते १९७९ अशी तब्बल २४ वर्षे विचारला जात होता आणि त्याचा रोख प्रामुख्याने एकाच माणसाकडे होता. त्यांचे नाव फ्रँक एम. जॉन्सन. त्यांची कारकीर्द पाहिली की आजच्या वादातल्या दोन्ही बाजू नीट कळतात.

फेडरल न्यायाधीश म्हणजे नेमके कोण?

अमेरिकेत न्यायालयांच्या दोन समांतर व्यवस्था आहेत. प्रत्येक राज्याची स्वतःची न्यायालये आहेत आणि त्यांच्या जोडीला केंद्राची म्हणजे फेडरल न्यायालये आहेत. अलाबामासारख्या अनेक राज्यांत राज्याचे न्यायाधीश निवडणूक लढवून येतात. फेडरल न्यायाधीशांची नेमणूक मात्र राष्ट्राध्यक्ष करतात आणि सेनेट तिला मंजुरी देते. एकदा नेमणूक झाली की वर्तन चांगले असेपर्यंत, म्हणजे व्यवहारात तहहयात, हे पद राहते. पदावर असताना त्यांचा पगार कमी करता येत नाही. देशात अशी ९४ फेडरल जिल्हा न्यायालये आहेत. त्यांच्या वर अपील न्यायालये आणि सर्वांत वर सर्वोच्च न्यायालय, अशी ही उतरंड आहे. फेडरल न्यायाधीशाला पदावरून हटवण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे महाभियोग. सव्वादोनशेहून अधिक वर्षांत प्रतिनिधिगृहाने १५ फेडरल न्यायाधीशांवर महाभियोग आणला आणि त्यांपैकी आठ जणांना सेनेटने दोषी ठरवले.

जॉन्सन यांच्या संदर्भात ही माहिती कोरडी उरत नाही. राज्याचे न्यायाधीश असते, तर पहिल्याच निवडणुकीत ते घरी बसले असते.

जॉन्सन कुठून आले?

त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९१८ रोजी अलाबामाच्या उत्तरेकडील विन्स्टन काउंटीतल्या हेलीव्हिल गावी झाला. या डोंगराळ भागात मोठे मळे नव्हते आणि गुलामही फार थोडे होते. १८६१ मध्ये अलाबामा अमेरिकेतून फुटून निघाले, तेव्हा या काउंटीने त्याला विरोध केला होता. ‘विन्स्टनचे स्वतंत्र राज्य’ हे तिचे टोपणनाव तेव्हापासूनचे. संपूर्ण दक्षिण डेमोक्रॅटिक पक्षाच्या मुठीत असताना जॉन्सन यांचे घराणे रिपब्लिकन होते. वडील काही काळ राज्याच्या विधिमंडळातही होते. घरच्या मताला बाहेर बहुमत नाही, याची सवय त्यांना लहानपणापासून होती.

अलाबामा विद्यापीठातून त्यांनी १९४३ मध्ये कायद्याची पदवी घेतली. दुसऱ्या महायुद्धात ते पायदळात होते. नॉर्मंडीच्या मोहिमेनंतरच्या लढायांत ते दोनदा जखमी झाले. परत आल्यावर त्यांनी जॅस्पर या गावी वकिली केली. १९५३ मध्ये उत्तर अलाबामाचे सरकारी वकील म्हणून त्यांची नेमणूक झाली. या काळात त्यांनी एका मळेवाल्या कुटुंबातील भावांना कृष्णवर्णीय मजुरांना कर्जात अडकवून वेठबिगारीत डांबल्याबद्दल शिक्षा घडवली. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जवळपास नव्वद वर्षे झाली होती.

राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५५ मध्ये त्यांना मध्य अलाबामाच्या फेडरल जिल्हा न्यायालयावर नेमले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी सूत्रे घेतली, तेव्हा त्यांचे वय होते ३७. न्यायालय होते राज्याच्या राजधानीत, माँटगोमेरीत. काही आठवड्यांतच, १ डिसेंबरला, त्याच शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गौरवर्णीय प्रवाशासाठी सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली.

बसचा बहिष्कार जिंकला कुणी?

पार्क्स यांच्या अटकेनंतर माँटगोमेरीतील कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव देशभर झाले ते याच आंदोलनातून. पण बसमधले वर्णविभाजन कायद्याने संपले ते एका खटल्यामुळे. फ्रेड ग्रे या तरुण कृष्णवर्णीय वकिलाने फेब्रुवारी १९५६ मध्ये फेडरल न्यायालयात ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ हा दावा दाखल केला. वादी होत्या ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्व्हिन या चार महिला. यांपैकी कॉल्व्हिन हिला पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, वयाच्या पंधराव्या वर्षी, याच कारणासाठी अटक झाली होती.

राज्याच्या कायद्याला आव्हान असल्याने खटला त्रिसदस्यीय पीठापुढे गेला. रिचर्ड राइव्ह्स, सेबर्न लिन आणि फ्रँक जॉन्सन असे तिघे न्यायाधीश होते. सर्वांत कनिष्ठ जॉन्सन होते. शाळांमधील वर्णविभाजन सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच घटनाबाह्य ठरवले होते. पण तो निकाल शाळांपुरता होता. बसला तो लागू होतो, असे वरच्या न्यायालयाने अजून म्हटलेले नव्हते. लिन यांचे मत होते की, ते म्हणेपर्यंत आपण जुनाच नियम पाळला पाहिजे. राइव्ह्स आणि जॉन्सन यांचे मत वेगळे पडले. ५ जून १९५६ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने बसमधले वर्णविभाजन घटनाबाह्य ठरले. १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि २१ डिसेंबरपासून माँटगोमेरीच्या बसमध्ये कुणीही कुठेही बसू लागले.

जॉन्सन यांना न्यायाधीश होऊन तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते. शेजारपाजारच्यांनी संबंध तोडले. शिव्यांची पत्रे आणि धमक्यांचे फोन सुरू झाले. घरासमोरच्या हिरवळीवर क्रॉस जाळला गेला. ‘कू क्लक्स क्लान’ची ही ओळखीची धमकी होती.

वॉलेस यांच्याशी वैर कसे जुळले?

जॉर्ज वॉलेस हे जॉन्सन यांचे विधी महाविद्यालयातले वर्गमित्र. पुढे चार वेळा अलाबामाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि ‘वर्णविभाजन कायम राहील’ या घोषणेने देशभर ओळखले गेले, तेच हे वॉलेस. १९५८ मध्ये ते राज्याच्या न्यायालयात निवडून आलेले न्यायाधीश होते आणि गव्हर्नरपदाची पहिली निवडणूक नुकतीच हरले होते. त्याच सुमारास नागरी हक्क आयोगाने त्यांच्या हद्दीतील मतदार नोंदणीची कागदपत्रे मागितली. आयोगाचा माणूस आला तर तुरुंगात टाकीन, अशी भाषा वॉलेस यांनी केली. जॉन्सन यांनी कागदपत्रे द्या, असा आदेश काढला.

जॉन्सन यांनी पुढे सांगितल्यानुसार, वॉलेस एका रात्री त्यांच्या घरी आले आणि अवमानाबद्दल थोडीशी शिक्षा दिली तर राजकारणात आपला फायदाच होईल, अशी गळ घातली. जॉन्सन यांनी नकार दिला. मग वॉलेस यांनी आडवाट शोधली. कागदपत्रे त्यांनी ग्रँड ज्युरीकडे सोपवली आणि तिथून ती आयोगाला मिळाली. लोकांपुढे मात्र आपण फेडरल सत्तेपुढे झुकलो नाही, असेच ते सांगत राहिले. जानेवारी १९५९ मध्ये जॉन्सन यांनी त्यांना अवमानाच्या आरोपातून मुक्त केले. कारण काय दिले? वॉलेस यांनी आडमार्गाने का होईना, आदेश पाळलेला आहे. न्यायालयाचा वापर राजकारणासाठी होऊ देणार नाही, असेही त्यांनी सुनावले. वॉलेस यांना हौतात्म्य हवे होते. त्यांच्या हाती पडले आज्ञाधारकपणाचे प्रमाणपत्र. १९६२ च्या प्रचारात ते सभासभांतून जॉन्सन यांना खोटारडा म्हणत राहिले. त्या वेळी ते निवडूनही आले.

सेल्माचा मोर्चा आधी अडवला कुणी?

जॉन्सन यांचे नाव आज सर्वाधिक घेतले जाते ते सेल्मा ते माँटगोमेरी या मोर्चासाठी. डॅलस काउंटीत मतदानाच्या वयाचे सुमारे १५ हजार कृष्णवर्णीय होते. मतदार यादीत त्यांपैकी चारशेही नव्हते. याविरोधात ७ मार्च १९६५ रोजी निघालेला मोर्चा सेल्माच्या एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधुराने मोडून काढला. ‘रक्तरंजित रविवार’ म्हणून तो दिवस इतिहासात नोंदला गेला.

आंदोलकांचे वकील दुसऱ्याच दिवशी जॉन्सन यांच्याकडे गेले. मंगळवारी पुन्हा निघायचे आहे, संरक्षण द्या, ही त्यांची मागणी. जॉन्सन यांनी उलटाच आदेश दिला. सुनावणी होईपर्यंत मोर्चा काढू नये. आंदोलकांना हा धक्का होता. किंग मंगळवारी पुलापर्यंत गेले, प्रार्थना केली आणि लोकांना घेऊन परत फिरले. त्यांच्याच कार्यकर्त्यांत त्यावरून नाराजी पसरली.

सुनावणी अनेक दिवस चालली. साक्षी झाल्या, पुलावरचे चित्रीकरण न्यायालयात दाखवले गेले. १७ मार्चला निकाल आला. जॉन्सन यांनी त्यात मांडलेले सूत्र सोपे आणि त्या काळासाठी धाडसी होते. सभा-मोर्चाचा हक्क किती द्यायचा, हे ज्या अन्यायाविरुद्ध मोर्चा आहे त्या अन्यायाच्या प्रमाणात ठरले पाहिजे. इथे अन्याय प्रचंड होता, म्हणून हक्कही मोठा. भररस्त्यावरून पाच दिवसांचा मोर्चा काढण्याची मुभा त्यांनी दिली आणि संरक्षणाची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली. सोबत बारीक अटीही घातल्या. जिथे रस्ता दुपदरी होतो, तिथे ३०० पेक्षा जास्त माणसे चालणार नाहीत.

वॉलेस यांनी संरक्षणाची जबाबदारी टाळली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी अलाबामाचे नॅशनल गार्ड केंद्राच्या ताब्यात घेतले. २१ मार्चला मोर्चा निघाला आणि २५ तारखेला सुमारे २५ हजार लोक माँटगोमेरीच्या विधिमंडळासमोर जमले. ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायद्यावर सही झाली.

मोर्चा संपला त्याच रात्री डेट्रॉइटहून आलेल्या व्हायोला लिउझो यांची क्लानच्या माणसांनी गोळ्या घालून हत्या केली. राज्याच्या न्यायालयात मुख्य आरोपी सुटला. डिसेंबरमध्ये जॉन्सन यांच्यापुढे त्याच्यासह तिघांवर नागरी हक्क हिरावण्याच्या कटाचा खटला चालला. ज्युरीतले सगळे गौरवर्णीय पुरुष होते. आमचे एकमत होत नाही, असे त्यांनी सांगितल्यावर जॉन्सन यांनी त्यांना पुन्हा विचार करायला परत पाठवले. तिघे दोषी ठरले आणि जॉन्सन यांनी त्यांना कमाल म्हणजे प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा दिली. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६६ मध्ये, ज्या लाउन्डिस काउंटीत ही हत्या झाली तिथल्या ज्युरींबाबत त्यांच्या पीठाने निकाल दिला. कृष्णवर्णीयांना आणि महिलांना ज्युरीतून वगळणे घटनाबाह्य ठरले.

ते आंदोलकांच्या बाजूचे होते का?

त्यांची निंदा करणारे तसे म्हणत आणि पुढे त्यांची स्तुती करणारेही तसेच म्हणू लागले. नोंदी वेगळे सांगतात. १९६१ मध्ये माँटगोमेरीच्या ग्रेहाउंड बसस्थानकावर ‘फ्रीडम रायडर्स’ना जमावाने मारहाण केली आणि पोलीस फिरकले नाहीत. जॉन्सन यांनी क्लानला मनाई केली, पोलिसांना संरक्षण द्यायला लावले आणि त्याच वेळी रायडर्सनाही काही दिवस प्रवास थांबवण्याचा आदेश दिला.

एक प्रकरण तर सरळ त्यांच्या चुकीचे आहे. टस्कीगी शहरातील जवळपास सर्व कृष्णवर्णीय मतदार हद्दीबाहेर जावेत म्हणून विधिमंडळाने शहराची चौकोनी हद्द बदलून २८ बाजूंची वेडीवाकडी आकृती आखली. शहराच्या हद्दी ठरवणे हा राज्याचा अधिकार आहे, असे म्हणून जॉन्सन यांनी त्याविरुद्धचा दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये एकमताने त्यांचा निर्णय उलटवला. म्हणजे वरच्या न्यायालयाची वाट न पाहता बसचा निकाल देणारे जॉन्सन इथे जुन्या निकालाला बांधून राहिले होते.

न्यायाधीशाला देवत्व देण्याची सवय आपल्याकडेही आहे. जॉन्सन यांच्याबाबत ती टाळली तर त्यांचे काम जास्त स्पष्ट दिसते. पुरावा ऐकायचा, मग ठरवायचे आणि ठरवल्यावर मागे हटायचे नाही, ही त्यांची पद्धत होती. ती कधी आंदोलकांच्या फायद्याची ठरली, कधी नाही.

किंमत काय मोजली?

एप्रिल १९६७ मध्ये माँटगोमेरीत त्यांच्या आईच्या घराबाहेर बॉम्बस्फोट झाला. घराचे नुकसान झाले, त्या वाचल्या. हल्लेखोरांना घर मुलाचे वाटले असावे, असा कयास होता. त्याच्या महिनाभर आधी जॉन्सन यांच्या पीठाने संपूर्ण राज्यातील शाळांमधले वर्णविभाजन संपवण्याचा आदेश दिला होता. एका राज्याच्या सगळ्या शाळांसाठी एकच आदेश, हे देशात प्रथमच घडत होते. फेडरल मार्शल अनेक वर्षे त्यांच्या घरावर पहारा देत होते. त्यांच्या एकुलत्या एक दत्तक मुलाने १९७५ मध्ये आयुष्य संपवले. या सर्व काळात न्यायालयातले त्यांचे काम थांबले नाही.

नळाच्या पाण्याचे तापमान न्यायालयाने का ठरवले?

जॉन्सन यांचे सर्वांत वादग्रस्त आणि कदाचित सर्वांत महत्त्वाचे काम मोर्चानंतरचे आहे. त्याबद्दल बोलले मात्र कमी जाते. १९७० मध्ये टस्कालूसा येथील ब्राइस मनोरुग्णालयातील कर्मचारी कपातीचे प्रकरण त्यांच्यापुढे आले. सिगारेटवरील कराचे उत्पन्न घटल्याने राज्याने माणसे कमी केली होती. कपातीचा मुद्दा बाजूला पडला आणि रुग्णांचा मुद्दा पुढे आला. पाच हजारांवर रुग्ण होते. रुग्णांच्या थेट उपचारात डॉक्टरेट असलेला मानसशास्त्रज्ञ एक होता, मनोविकाराचे थोडेफार शिक्षण झालेले डॉक्टर तीन. एका रुग्णाच्या जेवणावर दिवसाला ५० सेंटही खर्च होत नव्हते. मुख्य वादी रिकी वायट हा मनोरुग्ण नव्हताच; वर्तन बिघडलेला मुलगा म्हणून त्याला तिथे ठेवले होते.

मार्च १९७१ मध्ये जॉन्सन यांनी म्हटले की, उपचारासाठी म्हणून माणसाला सक्तीने कोंडले तर त्याला उपचार मिळण्याचा घटनात्मक हक्क आहे. उपचार नसतील तर ते रुग्णालय राहत नाही, शिक्षेविना भोगायचा तुरुंग होतो. राज्याला सुधारणेसाठी सहा महिने दिले. काही झाले नाही. मग एप्रिल १९७२ मध्ये त्यांनी किमान निकषांची यादीच आदेशाला जोडली. एका खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नकोत. प्रत्येकाला किमान ८० चौरस फूट जागा. आठ रुग्णांमागे एक शौचालय, पंधरांमागे एक न्हाणीघर. खोलीचे तापमान ६८ ते ८३ अंश फॅरनहाइट, रुग्णांच्या नळाला ११० अंशांचे पाणी. स्वतःचे कपडे घालण्याचा आणि पत्रे पाठवण्याचा हक्क. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही.

कायद्याच्या पुस्तकापेक्षा हा आदेश बांधकामाच्या निविदेसारखा वाचला जातो. हेतूही तोच होता. ‘रुग्णांना माणुसकीने वागवा’ असा आदेश कितीही वेळा पाळल्याचा दावा करता येतो. ‘आठ जणांमागे एक शौचालय’ हा आदेश मोजता येतो. कुणीही जाऊन मोजू शकतो.

तुरुंगांबाबतही हेच झाले. अलाबामातल्या एका तुरुंगात शिक्षेच्या कोठड्या चार बाय आठ फुटांच्या होत्या. त्यांत सहा-सहा कैदी कोंबले जात. दिवा नाही, पलंग नाही, पाणी नाही आणि जमिनीतले भोक हेच शौचालय. राज्याच्या वकिलांनी ही स्थिती घटनेत बसत नाही, हे न्यायालयात मान्य केले. १३ जानेवारी १९७६ रोजी जॉन्सन यांनी तुरुंगांसाठीही किमान निकष लागू केले. वॉलेस पुन्हा गव्हर्नर होते. न्यायाधीश कैद्यांना हॉटेल बांधून देत आहेत, असा त्यांच्या टीकेचा सूर होता.

टीका कितपत रास्त?

टीकेत तथ्य आहे. रुग्णालयावर किती पैसे खर्च करायचे, हे ठरवणे विधिमंडळाचे काम आहे. न्यायाधीशाला अंदाजपत्रक सांभाळावे लागत नाही, कर वाढवावा लागत नाही आणि मतदारांपुढे जावे लागत नाही. अपील न्यायालयाने १९७७ मध्ये तुरुंगांवर देखरेख करणाऱ्या त्यांच्या समित्या रद्दही केल्या.

जॉन्सन यांचे उत्तर असे होते की, राज्यकर्ते अवघड निर्णय मुद्दाम टाळतात. मनोरुग्ण आणि कैदी मत देत नाहीत. त्यांच्यासाठी पैसे खर्च करून कुणी निवडून येत नाही. म्हणून प्रश्न सडू द्यायचा, तो न्यायालयात गेला की न्यायाधीशाला शिव्या द्यायच्या आणि आदेशाच्या नावाखाली जे करायला हवेच होते ते करायचे. अलाबामाच्या राजकारणाला जडलेला हा आजारच आहे, असे ते जाहीर भाषणांत म्हणत. ही आपल्यालाही अनोळखी गोष्ट नाही. खड्ड्यांपासून अनधिकृत फलकांपर्यंत अनेक कामांसाठी महापालिकांना उच्च न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागते.

न्यायाधीशाने कारभार चालवू नये हे तत्त्व म्हणून बरोबरच आहे. पण कारभार चालवणाऱ्यांनी राज्यघटनेला सुट्टी दिली असेल तर काय, याचे उत्तर हे तत्त्व देत नाही. हद्द ओलांडण्याचा धोका पत्करावा लागतो. तो कमी करायला अपील आहे आणि जॉन्सन यांच्याविरुद्ध ते वेळोवेळी यशस्वीही झाले.

भारताशी तुलना कुठे होते?

जॉन्सन यांचा तुरुंगांचा आदेश जानेवारी १९७६ चा. त्याच वर्षी २८ एप्रिलला, आणीबाणीत, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एडीएम जबलपूर प्रकरणात स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निकाल चार विरुद्ध एक असा दिला. एकटे विरोधात होते न्या. हंसराज खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश केले गेले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला. त्याआधी अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या बाजूने निकाल दिले होते. १९७६ मध्येच १६ उच्च न्यायालयीन न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या.

धैर्याच्या बाबतीत खन्ना कुठेही कमी नव्हते. फरक व्यवस्थेचा होता. जॉन्सन यांची बदली होऊ शकत नव्हती, निवृत्तीचे वय आड येत नव्हते, पगार कापता येत नव्हता. जिल्हा पातळीवर बसून ते गव्हर्नरला आदेश देत आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत येऊन बसत. आपल्याकडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ व्या आणि सर्वोच्च न्यायालयाचे ६५ व्या वर्षी निवृत्त होतात आणि त्यानंतरच्या पदांची चर्चा आधीच सुरू झालेली असते. तहहयात पदाचे तोटेही आहेत. वाईट न्यायाधीशही तितकाच काळ राहतो. पण निकालाची किंमत न्यायाधीशाने पदाने चुकवू नये, हा त्यामागचा विचार आपण बाजूला टाकण्यासारखा नाही.

मग शेवटी हाती काय लागले?

राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७७ मध्ये जॉन्सन यांची एफबीआयच्या संचालकपदासाठी निवड केली होती. पोटातील रक्तवाहिनीच्या आजारामुळे त्यांना माघार घ्यावी लागली. १९७९ मध्ये ते अपील न्यायालयात गेले. तिथे १९८५ मध्ये त्यांनी समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जॉर्जियाच्या कायद्याविरुद्ध निकाल लिहिला. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार असा फिरवला. २००३ मध्ये त्याच न्यायालयाने आपला १९८६ चा निकाल चुकीचा होता, असे मान्य केले. ते पाहायला जॉन्सन नव्हते. २३ जुलै १९९९ रोजी त्यांचे निधन झाले. वॉलेस त्यांच्या दहा महिने आधी गेले होते. माँटगोमेरीच्या फेडरल न्यायालयाच्या इमारतीला आज जॉन्सन यांचे नाव आहे. फ्रीडम रायडर्सना जिथे मारहाण झाली, ते जुने बसस्थानक तिच्या शेजारीच आहे. आता ते संग्रहालय आहे.

गोष्ट इथे संपवता आली असती. पण ब्राइस रुग्णालयाचा खटला बंद झाला तो २००३ मध्ये, दाखल झाल्यापासून ३३ वर्षांनी. तुरुंगांचे तर त्याहून बिकट आहे. जॉन्सन वरच्या न्यायालयात गेल्यावर त्यांच्या जागी मायरन थॉम्पसन यांची नेमणूक झाली. ते कृष्णवर्णीय आणि त्याच टस्कीगीचे, जिथल्या कृष्णवर्णीयांना हद्दीबाहेर काढले गेले होते. २०१७ मध्ये थॉम्पसन यांना अलाबामाच्या तुरुंगांतील मानसिक आरोग्यसेवा भयंकर अपुरी असल्याचा निकाल द्यावा लागला. तुरुंगांतली स्थिती घटनाबाह्य असल्याचा दावा करत केंद्राच्या न्याय खात्याने २०२० मध्ये अलाबामा राज्यावर खटला भरला.

म्हणजे जॉन्सन यांचे आदेश वाया गेले का? बस, शाळा, मतदार यादी आणि ज्युरी यांबाबत ते टिकले, कारण त्यांचा लाभ घेणारे लोक मतदार झाले आणि स्वतःचा हक्क स्वतः राखू लागले. कैद्यांच्या बाबतीत ते झाले नाही. तिथे न्यायाधीशाची नजर हटली की जुनी परिस्थिती परत आली. न्यायाधीश नको तिथे लुडबुड करतात, ही तक्रार करणाऱ्यांनी अलाबामाच्या तुरुंगांकडे एकदा पाहावे. न्यायालय तिथून बाजूला झाल्यावर त्याची जागा घ्यायला विधिमंडळ पुढे आले नाही. आठ जणांमागे एक शौचालय आहे की नाही, हे मोजायला कुणीतरी जावे लागते. मत न देणाऱ्यांसाठी ते काम अजूनही न्यायालयावरच येऊन पडते.